सोडून बांधलेल्या जुड्या

माझ्या सासूबाईंनी बांधलेली सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी मेडशीच्या बाजारात लांबून ओळखू यायची. देठ एका रेषेत आणि केळीच्या सोपटाच्या दोरीची एकच गाठ.

दोन वर्षांपासून त्या विसरू लागल्या. आधी चुलीवरचं दूध, मग पाहुण्यांची नाती. एक दिवस मला त्यांच्या जुडीत गाजरगवत दिसलं. कोवळं असताना त्याचं पान कोथिंबिरीसारखंच दिसतं, पण त्यानं अंगाला खाज सुटते, म्हणून मळ्यातलं कोणी ते हातात धरत नाही. मी काही बोलले नाही. सासूची चूक काढणं आमच्यात बरं दिसत नाही, आणि मला तसंही चारचौघांत बोलणं जमत नाही. दुपारी त्यांचा डोळा लागला की मी जुड्या सोडायची, गवत निसून काढायची आणि त्यांच्यासारखीच गाठ मारून परत पाटीत ठेवायची. असं वर्षभर चाललं.

मग मी दोन दिवस माहेरी गेले आणि जुड्या तशाच बाजारात गेल्या. गिऱ्हाईक माझ्या मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, अंगावर धावून आलं. मी परतल्यावर ते म्हणाले, "आता मायले जुड्या बांधू देऊ नको. परवा वाशीमले डॉक्टरकडं जाचंच हाये, तिथंच डॉक्टरले हे सांगून टाकू." तेवढं एकच काम त्यांच्या हाती उरलं होतं.

आम्ही तिघं वाशीमला गेलो. डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. त्यांनी सासूबाईंना एकेक विचारलं. रस्ता चुकता का? स्वयंपाक जमतो का? मळ्यातलं काम येतं का?

"येते म्हंजे? माही जुडी सारा बाजार ओळखते," सासूबाई म्हणाल्या.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता हेच प्रश्न सुनेला विचारते. दोघींची उत्तरं जुळवून पाहिली की आजींना स्वतःचं किती कळतं ते समजेल. आजी, तुम्ही जरा बाहेर बसा."

"कायले? माह्याच गोष्टी हायेत ना? मी नाही उठत."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि माझ्याकडे वळल्या. त्यांनी जुड्यांचं विचारलं. मी पदर बोटाला गुंडाळत खाली बघत राहिले. हो म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तर त्यांचं काम जाणार. त्यांनी घाई केली नाही. मला आजवर कोणी इतका वेळ दिला नव्हता.

तेवढ्यात सासूबाईच बोलल्या. "तिले नका इचारू, थे नाही सांगणार. थे माह्या जुड्या रोज सोडून बांधते. तिले वाटते मी डोळे मिटले म्हंजे झोपली. मी पाह्यतो ना."

मालक चाट पडले. "माय, तुले ठाऊक होतं? मंग बोलली काहून नाहीस?"

"थे बोलत नाही, मंग मी कायले बोलू?"

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. म्हणाल्या, "कितीतरी जणांना आपण चुकतो हेच कळत नाही. आजींना कळतं. काम बंद करू नका. फक्त लपून करू नका, शेजारी बसून तपासा."

मालकांनी मान डोलावली. मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं, पण लाजून राहून गेलं.

आता आम्ही दोघी समोरासमोर बसतो. त्या बांधतात, मी पाहून पाटीत ठेवते. सगळे दिवस सारखे नसतात. कधी त्यांना काहीच पटत नाही, जुडी हिसकून घेतात, "माह्या कामात बोट घालू नको" म्हणतात. मी हात मागे घेते आणि थोड्या वेळानं पुन्हा पाहते. त्या दिवशी माझी अडचण त्यांना दिसली, माझ्याऐवजी त्या बोलल्या, हे मी कधी विसरणार नाही.

काल सकाळी त्यांनी मला ओळखलंच नाही. मला दारात उभी पाहून म्हणाल्या, "कोनाची वं तू? उभी काहून राह्यली? बस, सांबार निसू लाग मले."

मी बसले.