मुकी पट्टी

औरंगपुऱ्यातल्या वाद्यांच्या दुकानात मी कीबोर्डचं अडॅप्टर घ्यायला गेलो होतो. दीड वर्षापासून कॉर्ड शिकत होतो, पण वही समोर नसली की साथ जमत नव्हती. बायको गायची आणि मी पुढची कॉर्ड शोधत मागे राहायचो.

तिथे कन्नड तालुक्यातले एक काका आपला कीबोर्ड दुरुस्त करून घेत होते. गोधडीत गुंडाळून आणला होता. मधली एक पट्टी तीन वर्षं मुकी होती म्हणे. दुरुस्ती झाल्यावर दुकानदारानं एक भजन म्हणायला घेतलं. काकांनी नजर त्याच्या ओठांवर ठेवून साथ केली. हात लई सफाईनं फिरत होता, पण ती मधली पट्टी आली की बोट अलगद वर उचललं जायचं.

"काका, ती वाजते आता," मी म्हणालो.

"व्हय की. बोटाच्या ध्यानात राहत नाय."

"मग इतकी वर्षं तिच्याशिवाय कसं भागवलं?"

"तिची जागा आली की हात उचलायचा. तेवढं गाणारा गातोच की."

मग त्यांनी ती पट्टी एकटीच दाबली आणि आवाज विरेपर्यंत वाकून ऐकत राहिले.

घरी आल्यावर मी वही उघडली नाही. बायको गात असताना पुढची कॉर्ड आठवली नाही तिथे हात उचलला. ती न थांबता गात राहिली. वरच्या सुराला तिचा आवाज किंचित थरथरतो, हे मला लग्नाला बारा वर्षं झाल्यावर त्या दिवशी कळलं.