पडद्यावरची फुटलेली प्लेट

सिनेमातल्या शेफने चव बिघडली म्हणून भरलेली प्लेट जमिनीवर आपटली आणि थिएटरात टाळ्या वाजल्या. शेजारी बसलेल्या माझ्या आईने मात्र चटकन पाय खुर्चीवर घेतले. एका हॉटेलच्या भटारखान्यात तिने वीस वर्षं पोळ्या लाटल्या. तिथल्या मालकाला अन्नाजवळ चपला चालत नसत, अनवाणी बायका चालत.

"काचा कोण उचलणार रे आता?" ती कुजबुजली.

माझं डोकंच सणकलं. याचा संताप म्हणे कलावंताचा! आईने नुसतं लाटणं आपटलं असतं, तर त्याच दिवशी तिला घरी पाठवलं असतं. कॅमेरा शेफच्या चेहऱ्यावरून हलेना. जमिनीकडे तो एकदाही वळला नाही.

सिनेमा संपेपर्यंत आईने पाय खाली टेकवले नाहीत.