दूध ज्याचं, कळप त्याचा

नांदूरघाटच्या मुंजाजींच्या शेळ्यांना घराणी होती. कुठलं पिल्लू कुठल्या घराण्याचं, ते दुधावरून ठरे. जिचं पिऊन वाढलं, ती आई. जन्म देणारीला त्यात फारसा मान नव्हता. धाकटा भाऊ बजरंग सरळ माणूस. तो रंग बघायचा: काळ्या, भुऱ्या, कबऱ्या. संपलं.

एकत्र होते तोवर यानं कुणाचं काही अडलं नाही. मग बजरंगनं बायको बायडाबाईसह सिरसाळ्याला बिऱ्हाड हलवायचं ठरवलं आणि कळपाची वाटणी आली. मुंजाजींनी लेक मोहिनीला पुण्याहून बोलावून घेतलं. ती तिथल्या एका संस्थेत जीवशास्त्राची माहिती लावते. एका पद्धतीत सजीव वंशावरून मांडलेले, दुसरीत रूपावरून. एकीतल्या कशाचा दुसरीतल्या कशाशी मेळ बसतो ते बघायचं. याचा पगार मिळतो, यावर मुंजाजींचा अजून विश्वास नव्हता.

बाकी शेळ्यांपुरता दोघांच्या नियमांचा मेळ तिनं दुपारपर्यंत बसवला. अडलं एका भुरीवर. तिची आई वितानाच मेली आणि तिला पाजलं काळीनं. काळ्या तर बजरंगच्या वाट्याला गेलेल्या, भुऱ्या मुंजाजींच्या.

“रंगानं भुरी हाय. तुमच्यातच जाती,” बजरंग म्हणाला.

“दूध काळीचं. तुझी हाय,” मुंजाजी म्हणाले.

कळपात सगळ्यात दुधाळ ही भुरीच. दोघांनाही ती हवी होती आणि दोघेही ती हट्टानं एकमेकांच्या गळ्यात मारत होते. शेळी गेली तरी चालेल, पण आपला नियम खरा ठरला पाहिजे. अशा माणसांचं काय करावं, मला कधी कळलं नाही.

“अन् मोहिनी?” बायडाबाई दारातून म्हणाल्या. “तिला बी मीच पाजलंय, भावजी.”

मोहिनीची आई बाळंतपणातच गेली होती. ती वाढली काकूच्या पदराखाली, आणि काकू आता निघाली होती. पुण्याहून निघाल्यापासून मोहिनीच्या मनात तेच होतं. शेळ्यांच्या गडबडीत तिला कुणी विचारलं नव्हतं.

मुंजाजी जन्मभर ज्या नियमावर अडून बसले, तोच आता लेकीला घेऊन चालला होता.

“मोहिने,” ते म्हणाले, “तुमच्यात असलं आलं तर काय करत्यात?”

“एका पद्धतीत प्रत्येकाचं घर एकच लागतं, आबा. दुसरीत दोन असली तरी चालतात.”

मुंजाजी उठले. भुरीचं दावं सोडलं आणि बजरंगच्या हातात दिलं.

“शेळी तू ने. लेक तेवढी दोनी घरची राहू दे.”