भुऱ्याला घातलेले रोडगे

हे मी बायकोपाशीही कधी बोललो नाही, आणि तिच्यापासून तर माझं काहीच लपत नसे. परवा जनावरांच्या डॉक्टरांनी नातीला बजावलं — कुत्र्याचं खाणं एकदम बदलू नका, पोट बिघडतं. मी नुसती मान हलवली. मला ते कधीचं ठाऊक आहे.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. वडनेरजवळच्या आमच्या शेतात हरिभाऊ मेंढपाळ दरसाल मेंढरं बसवायचा, खतासाठी. त्याचा कुत्रा भुऱ्या लहानपणापासून ज्वारीची भाकर आणि ताक यावरच वाढलेला. आल्या दिवशीच हरिभाऊनं मला सांगितलं, "पाटील, याले दुसरं काही देऊ नका. सोसत नाही त्याले."

त्याच आठवड्यात शेतातल्या मारुतीपुढे आमच्या नवसाचे रोडगे झाले. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, तुपात बुडवलेले कणकेचे गोळे. उरलेले घरी न्यायचे नाहीत, अशी आमच्या घरची रीत. मग करायचं काय? मी ते भुऱ्याला घातले. खरं सांगू? दया वगैरे काही नव्हती. मेंढपाळानं मालकाला शिकवावं — हे मनात सलत होतं. तो खात गेला, मी घालत गेलो. मजा वाटली.

सकाळी एक कोकरू नव्हतं. मारुतीपुढेच रक्त सांडलेलं, आणि भुऱ्या पोट फुगून, हगवण लागून पडलेला. लांडगा आला असणार आणि याला उठताच आलं नसणार — मला लगेच कळलं. हरिभाऊला वाटलं, यानंच कोकरू खाल्लं. अशी चटक लागलेला कुत्रा मेंढरांत ठेवत नाहीत. तरी त्यानं विचारलंच. माझे वडील होते, गडीमाणसं होती.

"पाटील, तुमी काही खाऊ घातलं काय याले?"

"नाही," मी म्हणालो.

"घातलं" म्हणायला काय लागत होतं? पण सगळ्यांसमोर, त्याच्यापुढे — नाही म्हणालो. त्यानं माझा शब्द खरा मानला. कुऱ्हाड घेतली आणि भुऱ्याला दोरीनं नाल्याकडे नेलं. भुऱ्या झोकांड्या खात त्याच्या मागे गेला. मी हाक मारली असती तर ऐकू गेली असती, एवढंच अंतर होतं. मी उभा राहिलो.

हरिभाऊ हात धुऊन एकटा परत आला. माझ्यापुढे वाकून म्हणाला, "तुमच्या नवसाच्या जागी रक्त सांडलं माझ्या कुत्र्यानं. माफ करा, पाटील."

मी त्याला माफ केलं.