न बोलावलेले प्रॉडक्शनचे साहेब

चिकलठाण्याच्या कंपनीत मी ट्रेनिंग विभागाची प्रमुख झाले, तेव्हा विभागात मी धरून दोन माणसं होती. दुसऱ्या होत्या माझ्या सहकारी बाई. त्या आधी गारखेड्याच्या शाळेत शिकवायच्या, त्यामुळे कंपनीतल्या प्रत्येकाकडं त्या सहावीतलं पोर म्हणूनच बघत.

आमची डोकेदुखी एकच, प्रॉडक्शनचे साहेब. ते कुठल्याच ट्रेनिंगला यायचे नाहीत. कधी ऑडिट, कधी मशीन बंद, कधी खुलताबादला चुलतभावाच्या पोरीचं लग्न. त्या चुलतभावाला पोरी तरी किती, असा प्रश्न आम्हाला पडायचा. फोन केला की म्हणायचे, "मशीन थांबवून तुमचं भाषण ऐकू व्हय?"

मग 'ऐकून घेण्याचं कौशल्य' हे ट्रेनिंग ठरलं. एमडी म्हणाले, "बाकी कुणी नसलं तरी चालेल, पण प्रॉडक्शन पाहिजेच." ते खरंच होतं. साहेबांनी समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ दिल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "मॅडम, यावेळी त्यांना सोडून सगळ्यांना बोलवा. वर्गाबाहेर ठेवलेलं पोरगं खिडकीतून सगळ्यात जास्त डोकावतं."

आम्ही तसंच केलं. दुपारपर्यंत कँटीनमध्ये बातमी पसरली, की मोठी जबाबदारी मिळणाऱ्यांनाच बोलावलंय. ती मी पसरवली नव्हती. मला कुणी विचारलं तर मी फक्त चहात साखर ढवळत राहिले.

संध्याकाळी साहेब माझ्या केबिनच्या दारात.

"माझं नाव नाय का त्यात?"

"सर, तुम्हाला लई काम असतं. म्हटलं, कशाला त्रास द्यायचा?"

"काम सगळ्यांनाच असतं."

"पण आता खुर्च्या भरल्या हो."

ते तरातरा निघून गेले. ट्रेनिंगच्या दिवशी मशीन शॉपमधली लोखंडी खुर्ची स्वतः उचलून आले आणि पहिल्या रांगेच्याही पुढं टाकून बसले. मी बाईंकडं पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर हसू आवरलं नसतं.

शिकवायला आलेल्या सरांनी जोड्या पाडल्या. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं मध्ये अवाक्षर काढायचं नाही. साहेबांच्या वाट्याला नेमके परचेसचे साहेब आले. दोघांचं कधी पटलं नव्हतं. परचेसवाले माल उशिरा येण्याची कारणं सांगू लागले. प्रॉडक्शनचे साहेब लाल झाले, खुर्चीत पुढं-मागं झाले, शेवटी त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला.

आणि परचेसवाले मध्येच थांबले.

"बोला की," सर म्हणाले.

"काय बोलू?" ते गोंधळून म्हणाले. "इथपर्यंत मला कधी कुणी येऊच दिलं नव्हतं."

हॉल हसून लोळायला लागला. सगळ्यात मोठ्यानं प्रॉडक्शनचे साहेब हसले. जेवायच्या सुट्टीत ते दोघं एकाच टेबलावर बसले होते, आणि बोलत होते ते परचेसवाले.

दोन दिवसांनी साहेब परत माझ्याकडं आले. "मॅडम, खरं सांगा. मुद्दाम वगळलं होतं ना मला?"

मी नको तितकी गंभीर झाले. "छे हो सर, ते..."

"राहू द्या. आमच्या घरी मेंढरं होती. एखादी मेंढी कुंपणाच्या वाडग्यात शिरंना, तर वडील बाकीची आत घेऊन फाटक लावायचे. थोड्या वेळात ती बाहेरून ओरडायची."

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग आलात कशाला?"

"बाहेर एकट्याला करमंना," ते म्हणाले आणि उठून गेले.

आता ते प्रत्येक ट्रेनिंगला येतात. बोलावलं नसलं तरी येतात, महिला सुपरवायझरांच्या कार्यक्रमालाही आले होते. आणि शिकवणाऱ्याचं एकही वाक्य पूर्ण होऊ देत नाहीत. बाई म्हणतात, आता त्यांना बाहेर कसं ठेवायचं ते मॅडमनी शोधावं, ते गारखेड्याच्या शाळेत शिकवलं नव्हतं.