उणिवांचा रकाना

कॉलेजला दर्जा देणारी समिती येण्याआधी कॉलेजने स्वतःच स्वतःला तपासून अहवाल लिहायचा असतो. आमच्या आदिलाबादच्या कॉलेजात ते काम मुधोळकडच्या एका सरांवर आले, आणि माझे टायपिंग बरे आहे म्हणून सरांनी मला जुंपले. अहवालात बलस्थानांचा एक रकाना होता, उणिवांचा एक. बलस्थाने लिहायला सगळा स्टाफ तुटून पडला. उणिवा माझ्या वाट्याला आल्या.

मला आनंदच झाला, खोटे कशाला सांगू? स्टाफरूममध्ये कुरकुर करून माझे तोंड दुखले होते. मी पहिली उणीव लिहिली ती बसची. तामसीच्या पलीकडच्या गावांना जाणारी शेवटची बस चारला सुटते आणि आमचे कॉम्प्युटरचे प्रात्यक्षिक चारलाच सुरू होते. लॅब एकच, त्यामुळे वेळ बदलत नाही. तिकडच्या मुली प्रात्यक्षिकाला थांबत नाहीत, हजेरी कमी पडते, आणि हजेरी नाही तर परीक्षा नाही. बायकांना बस फुकट झाली म्हणतात. नसलेल्या बसमध्ये फुकट तरी कसे बसायचे?

त्यातली एक मुलगी माझ्या वर्गातली. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून ती माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर सराव करायची. हात असा सफाईदार की बघत राहावे. पण त्या सरावाची हजेरी कोण मांडणार? मागच्या सत्रात तिची परीक्षा हुकली होती. पुन्हा हुकली तर कॉलेज बंद, असे तिच्या वडिलांनी सांगून ठेवले होते.

सरांनी माझी उणीव वाचली आणि चष्मा काढला.

“मॅडम, हे काऊन लिहून राह्यल्या तुमी? झाकली मूठ सव्वा लाखाची असते.”

“सर, रकाना उणिवांचाच आहे ना?”

“आहे ना. पण उणीव अशी लिवा, का वाचणाऱ्याले कौतुक वाटलं पायजे.”

मग बस खोडली गेली. तिच्या जागी आले, ‘विद्यार्थ्यांच्या उत्साहाच्या मानाने सभागृह लहान पडते.’ मी कपाळाला हात लावला. पुढच्या पाच वर्षांची योजना याच रकान्यावरून बनते, त्यामुळे योजनेत सभागृह मोठे करायचे ठरले. बस आली नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

समिती आली त्या दोन दिवसांत मुलांना संध्याकाळपर्यंत थांबवायचे होते. तेव्हा मात्र बस मिळाली. एका खासगी शाळेची बस भाड्याने आणली, तिच्या कपाळावर आमच्या कॉलेजचा बॅनर बांधला. मुली चढताना फोटो काढले. आमची तामसीकडची मुलगी सगळ्यांत पुढे, पायरीवर, हसत. समितीतल्या एका बाईंनी दुसऱ्या दिवशी तिला हिंदीत विचारले, घरी कशी जातेस? ती म्हणाली, कॉलेजच्या बसने. मी तेव्हा समितीच्या चहाच्या मागे धावत होते. तिथे असते तर तोंड उघडले असते. निदान मला तसे वाटते.

दर्जा चांगला मिळाला. पेढे वाटले, मीही खाल्ला. समितीने आपल्या अहवालात ग्रामीण मुलींच्या वाहतुकीची सोय हे कॉलेजचे बलस्थान म्हणून नोंदवले होते. बस तर समितीची पाठ फिरताच शाळेकडे परत गेली होती.

सत्र संपत आले तशी त्या मुलीची हजेरी पुन्हा घसरली. मी बस डेपोत जाऊन आले. संध्याकाळी एक फेरी वाढवता येईल, पण कॉलेजचे पत्र आणा, असे तिथल्या साहेबांनी सांगितले. एवढे सोपे होते! मी पत्र टाईप केले, त्या मुलीला सोबत घेतले आणि पत्र सरांच्या टेबलावर ठेवले. सरांनी ते सावकाश वाचले.

“मॅडम, समितीनं लिहून देल्लं का आपल्याकडं बस आहे. आता बस नाई असं आपणच लिहून देऊ म्हणता? उद्या कोनी दर्जा काढून घेतला तं?”

“सर, त्या बसवर तुम्हीच बॅनर बांधला होता.”

“म्हणूनच सांगून राह्यलो.” त्यांनी पत्र माझ्याकडे सरकवले. आवाजात कुचेष्टा नव्हती. त्यांना खरेच वाईट वाटत होते, आणि त्यानेच माझे डोके जास्त फिरले. रागावायला धड समोर माणूसही मिळेना.

मुलगी दाराशी उभी राहून सगळे ऐकत होती.

“मॅडम,” ती म्हणाली, “आदल्या दिवशी मी तं खरंच त्या बसनं घरी गेल्ती. मंग मी त्या बाईले खोटं सांगाले पायजे होतं का?”

मी तोंड उघडेपर्यंत तिने दप्तर खांद्याला लावले. चारची बस सुटायला आली होती.