ताबा कोणाकडे?

आमच्या घराचा वकील एकच, तोही जमिनीचा. भिवंडीजवळ खारबावच्या बाजूला गोडाऊनं उभी राहायला लागली तेव्हा भाऊबंदांच्या भांडणातून बाबांची जागा याच माणसाने वाचवली होती. तेव्हापासून आमच्याकडे कोणालाही काहीही झालं की त्याच्याकडेच जायचं. मी नवऱ्याला सोडायचं ठरवलं तेव्हाही बाबांच्या मनात दुसरं कोणी आलं नाही. माझी दाढ दुखली असती तरी त्यांनी मला तिथेच नेलं असतं.

नवरा वाईट नव्हता. म्हणूनच सगळ्यांना मी वाईट वाटत होते. कामतघरला खाली त्यांचे कापडाचे लूम आणि वर घर. खाली दिवसभर खडखडाट आणि वर आम्ही दोघं, आठवडेच्या आठवडे एकमेकांशी न बोलणारे. शेवटी एका उन्हाळ्यात मुलीला घेऊन मी माहेरी आले. तिची शाळा कामतघरलाच होती, मी रोज तिला रिक्षाने न्यायची-आणायची. गौरी-गणपतीत सासरचे तिला घेऊन गेले. नातीशिवाय गौर कशी आणायची, असं सासू म्हणाली आणि मलाही ते पटलं. गौर गेली, गणपती गेले, मुलगी काही आली नाही. फोन केला तर म्हणाले, शाळा इथून जवळ पडते, उगाच कशाला लेकराचे हेलपाटे.

मी गोडाऊनमध्ये डिस्पॅचला आहे. गाडी वेळेवर सुटली नाही की माझा जीव खालीवर होतो, ड्रायव्हर चहा पीत बसला तरी मी दोनदा जाऊन बघते. आणि इथे माझी मुलगी दुसऱ्याच्या घरात अडकली होती आणि मी काही करू शकत नव्हते. जेवताना मी मध्येच उठायची, टीव्ही लावून बंद करायची. आई म्हणायची, बस गं जरा एका जागी. बसणार कशी?

वकिलाच्या ऑफिसात बाबांचा थाट वेगळा. त्यातली थोडी जमीन गोडाऊनला विकल्यापासून सगळे त्यांना शेठ म्हणतात, वकील तर जास्तच. त्याने चहा मागवला, बाबांची तब्येत विचारली, मग फाईल उघडून बाबांकडेच बघत म्हणाला, “बरं शेठ, ताबा कोणाकडे?”

“आपल्याकडंच हाय. पहिल्यापास्नं,” बाबा म्हणाले.

“त्यांच्याकडे,” मी म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

“बाय, खोलीला कुलूप आपला हाय. चावी माझ्या खिशात हाय,” बाबा म्हणाले.

लग्नात त्यांनी माझ्या नावावर नारपोलीला एक खोली घेतली होती, तिच्याबद्दल चाललं होतं. मी मुलीबद्दल बोलत होते. कागदावर दोन्हीला शब्द एकच, ताबा.

“मुलीचा ताबा त्यांच्याकडे आहे,” मी म्हणाले.

“ते होईल हो, शंभर टक्के होईल. मुलगी आईकडेच येते,” वकील म्हणाला. “आधी मिळकत सुरक्षित करू. आणि आपल्याला घाई नाही. तारखा पडू देत. घाई समोरच्याला होऊ दे.”

बाबांनी समाधानाने मान हलवली. याच युक्तीवर त्यांची जागा वाचली होती ना! आपण आत बसलेले, समोरचा कोर्टात चपला झिजवतोय, शेवटी कंटाळून तडजोडीला येतो. मीही दाखवलेल्या जागी सह्या केल्या. एवढा मोठा वकील म्हणतोय म्हणजे बरोबरच असेल, असं मला वाटलं.

दिवाळी गेली. तारखेला कधी समोरचे यायचे नाहीत, कधी आमचाच वकील पुढची तारीख मागायचा. मुलगी फोनवर आधी खूप बोलायची, मग हो-नाही म्हणायला लागली. एकदा मी विचारलं, डब्यात काय नेलंस? तर पलीकडून सासूचा आवाज आला, सांग पोळी-भाजी, आणि मुलगी म्हणाली, पोळी-भाजी. फोन ठेवला आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या भांडणात आत बसलेले ते होते. चपला मी झिजवत होते. पुढची प्रत्येक तारीख त्यांच्या फायद्याची होती आणि ती माझाच वकील मागून घेत होता.

गोडाऊनमध्ये माझ्या शेजारी बिलिंगला एक बाई बसते. भिवंडीतलं जुनं कोकणी मुसलमान घर, तिच्या बहिणीचं घटस्फोटाचं प्रकरण नुकतंच मिटलं होतं. मी तिला विचारलं, चांगला वकील ओळखायचा कसा? मी आपली डिग्री, अनुभव, असलं काही ऐकायच्या तयारीत होते.

“अगं, डिग्री क्या देखती है! त्याला विचार, केस तू स्वतः चालवणार की ज्युनियरला धाडणार? माझ्याशी बोलणार की माझ्या बापाशी? आणि तिसरं, कल सुबह मैं क्या करूँ? याचं उत्तर नसेल तर चहा पण पिऊ नकोस, ऊठ.”

तिच्या बहिणीची वकीलबाई ठाण्याला होती. वकील बदलायचा म्हटल्यावर बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “त्या मानसानं आपली जागा राखली! त्याला सोरायचा? लोक काय बोलतील?”

मला राहवलं नाही. “बाबा, तुमची जागा काय पळून जाते? इतकी वर्षं खटला चालला तरी ती होती तिथेच होती. माझी मुलगी वाढतेय. तिचे दात पडायला लागलेत, ते पण मला फोनवर कळतं.”

 बाबा गाडीची चावी घेऊन उठले.

ठाण्याला त्यांना शेठ म्हणणारं कोणी नव्हतं. वकीलबाई म्हणाल्या, “काका, तुम्ही जरा बाहेर बसा,” आणि बाबा चक्क बाहेर जाऊन बसले. मी एका दमात सगळे प्रश्न विचारले. केस त्या स्वतः चालवणार होत्या. मग मी पोटातलं विचारलं, “मुलगी मिळेल का?”

“माहीत नाही. उशीर झालाय. मुलगी तिकडे रुळली, असं ते म्हणतील आणि ते अगदीच खोटं नसेल. कायमचं पुढे बघू, पण शनिवार-रविवार तिला तुमच्याकडे पाठवावं असा अर्ज लगेच टाकते.”

मला रडू आलं, आणि त्याच वेळी हलकंही वाटलं. इतक्या महिन्यांत माझ्याशी कोणी खरं बोललं नव्हतं.

“उद्या सकाळी मी काय करू?”

“शाळेत जा. भांडू नका, ओढून आणू नका. तिच्या बाईंना भेटा, अभ्यास विचारा. दर आठवड्याला जा. आई येते हे शाळेला दिसू दे.”

मी जात राहिले. शिमग्याच्या आधी अर्ज मंजूर झाला. शनिवार-रविवार मुलगी आमच्याकडे.

पहिल्या शनिवारी मी सकाळपासून दारात. घर दोनदा झाडलं, तिच्या आवडीची तांदळाची भाकरी आणि सुकट केली, मग ती आता तिला आवडत नसेल म्हणून बटाटेही केले. नवऱ्याने तिला गल्लीच्या तोंडाशी बाईकवरून उतरवलं आणि तो तसाच गेला. ती दप्तर घेऊन चालत आली. शाळेत ती बाकावर बसलेलीच दिसायची; आता कळलं, उंच झाली होती. उंबऱ्यापाशी येऊन थांबली, माझ्याकडे बघून पाहुण्यासारखी हसली.

“मम्मी, चपला काढू का?”

 आतून बाबा म्हणाले, “काढ गो बाय, घर तुजाच हाय.”

तिने चपला काढल्या. मग खाली वाकली, त्यांची तोंडं रस्त्याकडे केली, नीट जोडीने लावून ठेवल्या आणि आत आली.